चढणाऱ्याचं पत्र

गिरकीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. उन्हाळ्याची सुटी लागून चार दिवस झाले होते तेव्हा ते आलं, आणि पुढे पाच आठवडे माझ्या टेबलावरच्या जाड शब्दकोशात पडून राहिलं. मी ते इतक्या वेळा काढून वाचलं की घडीवर कागद फाटायला आला. उत्तराचे खर्डेही केले, सहा की सात. एकात नकार होता, एकात होकार, आणि उरलेल्यांत मला काय म्हणायचं होतं ते माझं मलाच कळत नव्हतं. सगळे फाडले.

तशी ती राहते माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. माझ्या मोठ्या भावाची, दादाची, नात. पण आमच्याकडे शिडीचं आमंत्रण तोंडी देत नाहीत.

आमचं घर शिड्या करणाऱ्यांचं. नववी संपली की त्या उन्हाळ्यात घरातल्या प्रत्येक मुलानं, मुलीनं कारखान्यात बारा पायऱ्यांची एक शिडी करायची, लाकूड निवडण्यापासून शेवटच्या हातापर्यंत सगळी स्वतः. सुटीच्या शेवटच्या रविवारी घर जमतं. करणारा खाली शिडीचा पाय धरतो, आणि त्यानं पत्र घालून बोलावलेला माणूस वर चढतो. चढणाऱ्यानं त्या दिवशी शिडीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. पोराच्या तोंडाकडे बघत कुणाच्यानं खरं सांगवत नाही, असं आमचे वडील, तात्या, म्हणायचे. म्हणून घरी जायचं, शांतपणे लिहायचं आणि पत्र पोस्टात टाकायचं. ते पत्र आलं की शिडीच्या पायाशी तापल्या लोखंडाचा शिक्का बसतो. पत्र वाईट आलं तर शिडी उकलून तिच्या खुंट्या करतात. माझ्या एका चुलतभावाच्या घरी कपडे टांगायला खुंट्यांची कधीच ददात नव्हती.

गिरकीनं लिहिलं होतं:

‘धाकटे आजोबा, माझ्या वर्गातले सगळे सुटीत काहीतरी करतायत. एक जण मामाच्या दुकानात फोनच्या काचा बदलायला शिकतोय. एकीला पोहायला घातलंय, तिचे केस हिरवट झाले म्हणून ती रडते. दोघी बारापर्यंत झोपतात आणि झोपल्याचे फोटो टाकतात, ते कोण काढतं देव जाणे. मी सकाळी क्लासला जाते, कारण आई. दुपारी कारखान्यात, कारण मी. माझ्या शिडीवर तुम्ही चढायचं. बाकीचे सगळे माझ्याकडे बघून गोड लिहितील नाहीतर आजोबांकडे बघून कडू. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तुमचे कान लाल होतात. उत्तर पाठवा. मी वाट बघणार नाही असं लिहिणार होते, पण बघेन.’

आता मी का लिहिलं नाही ते सांगतो. माझ्या शिडीला शिक्का नाही. माझ्या शिडीला बारा पायऱ्याही नाहीत. पाच झाल्या आणि उरलेला उन्हाळा मी लाकडाच्या माळ्यावर लपून वाचत काढला. पुढे वाचनालयात नोकरी धरली आणि तिथूनच निवृत्त झालो. ज्याच्या शिडीला शिक्का नाही त्याला कुणी चढायला बोलावत नाही. असा नियम नाही, पण अठ्ठावन्न वर्षांत मला कुणी बोलावलं नव्हतं. मी काय म्हणून एका पोरीच्या कामाचा न्याय करावा? हे एवढं साधं वाक्यसुद्धा मला पत्रात लिहिता आलं नाही.

रविवारी मी उत्तर न देताच गेलो आणि दारालगतच्या फळ्यांच्या थप्पीवर बसलो.

कारखाना झाडून लख्ख केला होता. रंध्याखालच्या ढलप्या पोत्यांत भरून भिंतीशी लावल्या होत्या, गिरमिटं आणि पटाश्या आपापल्या खिळ्यावर. मधोमध गिरकीची शिडी दोन लाकडी घोड्यांवर आडवी. मला लाकडातलं कळत नाही, पण तिच्यावरून नजर घसरत नव्हती, फिरत होती. गिरकीनं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मग अख्खा वेळ बघितलं नाही.

त्या दिवशी सूनबाईंच्या, म्हणजे गिरकीच्या आईच्या, मनात काय होतं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांना हे सगळं मनापासून नको होतं. त्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासतात. पोरीचं गणित चांगलं आहे, तर सुटीत दोन्ही वेळ क्लास करून तिनं दहावीचं अर्धं पुस्तक संपवावं, असं त्यांचं म्हणणं. महिनाभर घरात यावरून धुसफूस चालली होती. शेवटी नवरा-बायकोत ठरलं ते असं: शिडीला शिक्का बसला, तर गिरकी पुढचं वर्षभरही दुपारची कारखान्यात येईल. नाही बसला, तर कारखाना बंद आणि दोन्ही वेळ क्लास. गिरकीनंही ते कबूल केलं होतं. सूनबाई मला म्हणाल्या, “काका, शिक्का बसू नये असं मला वाटत होतं. आई म्हणून सांगायला लाज वाटते, पण वाटत होतं.”

दादा आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, अजून दारातून आत येताना मान खाली घालावी लागते एवढा उंच. त्याच्या हातात तात्यांची काठी होती. दोन पायऱ्यांमधलं अंतर बरोबर जेवढं हवं तेवढ्या लांबीची शिसवी काठी. आमच्या प्रत्येक शिडीची प्रत्येक पायरी या काठीनं बसते. चढण्याआधी दादा ती नव्या शिडीवर एकदा लावतो. लावतो म्हणजे उपचार, कारण शिडी त्या काठीनंच केलेली असते.

दादानं पहिल्या आणि दुसऱ्या पायरीमध्ये काठी धरली. काढली. पुन्हा धरली. मग एकेक करत शेवटच्या पायरीपर्यंत गेला. कारखान्यात फक्त काठीचा लाकडावर टेकण्याचा आवाज येत होता.

“एकीतही बसत नाही,” तो म्हणाला. “सगळीकडे अर्धा इंच मोकळा.”

गिरकीचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. ज्या दुपारी पायऱ्यांसाठी भोकं पाडायची होती त्या दुपारी काठी जागेवर नव्हती, असं तिनं सांगितलं. बाबा एका मोठ्या कामावर घेऊन गेले होते. “तुम्हीच म्हणता ना आजोबा, आपली पायरी फुटाची. मग मी टेपनं फूट घेतला.”

माझा पुतण्या, गिरकीचा बाप, जमिनीकडे बघत म्हणाला की काठी त्यानं नेली होती, चूक त्याची. दादा म्हणाला, चूक कुणाची हे कुणी विचारलेलं नाही. ही शिडी आपल्या कुठल्या शिडीला जोडून उंच करता येईल, ते सांग. पुतण्याला सांगता येईना, कारण जोडशिडीत पायरीवर पायरी यावी लागते आणि इथे ती येणार नव्हती. त्यानं पोरीच्या बाजूनं एक पाऊल टाकलं होतं ते हळूच मागे घेतलं. तो माणूस वाईट नाही. पस्तीस वर्षं त्या काठीच्या धाकात आहे, एवढंच.

“मग चढायचं नाही का?” गिरकीनं विचारलं.

“काठीत न बसलेल्या शिडीवर आपल्याकडे चढत नाहीत.”

म्हणजे सूनबाई जिंकल्या होत्या. त्यांनी काही न करता. पर्स उचलून पोरीला घरी न्यायचं तेवढं बाकी होतं. त्या उठल्याही. पण त्या दारापर्यंत आल्या नाहीत, शिडीपाशी थांबल्या. गिरकीच्या पिशवीतून टेप काढून त्यांनी एक पायरी मोजली, मग दुसरी, मग चार सोडून आणखी एक. बारा इंच, बारा इंच, बारा इंच. केसाचा फरक नव्हता. त्यांनी पोरीकडे असं बघितलं, जसं मी त्यांना कधी बघताना पाहिलं नव्हतं.

“बाबा,” त्या दादाला म्हणाल्या, “काठी शेवटची कधी तपासली होती?”

“काठी तपासायची नसते. काठीनं तपासायचं असतं.”

“आमच्याकडे काटा दर सोमवारी तपासतात. जुना असला तर जास्तच.”

“ही तात्यांची काठी आहे.”

“हो ना. म्हणून तर विचारते.”

वहिनी, दादाची बायको, ढलप्यांच्या पोत्यांपाशी बसल्या होत्या. पन्नास वर्षांच्या संसारात दादाशी कुठे बोलायचं आणि कुठे नाही याचा त्यांचा हिशोब चुकत नाही. त्या म्हणाल्या, “लावा की एकदा टेप. काठी काय लाजणार आहे का?”

पुतण्याला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. दादा हसला नाही. मी आहे तोवर तात्यांच्या काठीला टेप लागणार नाही, असं त्यानं सांगितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच विषय तिथेच संपला. तात्या गेले तेव्हा दादा सव्वीस वर्षांचा होता. त्यांच्यामागे कारखाना, आई आणि मी, एवढं सगळं त्यानं त्या काठीच्या जोरावर ओढलं. त्याला ते लाकूड नव्हतंच.

गिरकी शिडीच्या पायाशी खाली बसली. रडत नव्हती. हाताची बोटं एका पायरीवरून फिरवत होती.

मी काय करतोय ते कळायच्या आत मी उभा होतो. “मी चढतो,” मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला की दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

दादानं वळून बघितलं. “पुस्तक्या, तू पत्राला उत्तर दिलंस?”

“नाही.”

“मग?”

“बोलावलंय तर मला. दुसऱ्या कुणाला नाही.”

“मी वाट बघितली,” गिरकी खालूनच म्हणाली.

“हो,” मी म्हणालो. 

वहिनी म्हणाल्या की भाऊजी चढणार म्हणजे आता शिडीची खरी परीक्षा.  दादानं काठी बगलेत धरली आणि शिडी उभी करायला पुतण्याला खूण केली.

गिरकीनं दोन्ही हातांनी शिडीचे पाय धरले. मी चपला काढल्या. एक पायरी. दुसरी. तिसरी.

माझ्या घरी माळ्यावर जायला दादानं दिलेली शिडी आहे. तिच्यावर चढताना मी नेहमी अडखळतो. पाऊल जरा जास्त वर जातं आणि मग पायरी शोधत खाली येतं. याचा दोष मी माझ्या चपलांना दिला, चष्म्याला दिला आणि बहुतेक वेळा स्वतःलाच दिला. शिड्यांच्या घरात जन्मून ज्याला शिडी चढता येत नाही असा मी एकटा, हे मी फार लवकर मान्य करून टाकलं होतं. वाचनालयातल्या शिडीवर मात्र मी एकेचाळीस वर्षं चढलो, एका हातात पुस्तकं आणि डोळे पुस्तकांच्या पाठीवरच्या नावांवर, आणि एकदाही पाऊल चुकलं नाही. त्याचं श्रेय मी पुस्तकांना देत होतो. ती शिडी तात्यांनी स्वतः केलेली. माझ्या नोकरीच्याही आधीची.

चौथ्या पायरीवर माझ्या पायांना कळलं. पाचवीला शंका उरली नाही. पाऊल उचलावं आणि खाली पायरी असावी, ती शोधावी लागू नये, असं मला वाचनालयातल्या त्या एकाच शिडीवर होत आलं होतं. बाराव्या पायरीवर मी वाशाला हात लावून उभा राहिलो. तिथून सगळ्यांचे चेहरे वर झालेले दिसत होते. मला तिथूनच ओरडून सांगावंसं वाटलं. पण चढणारा बोलत नाही, आणि मला ओरडता येत नाही.

खाली आलो तेव्हा गिरकी माझ्या कानांकडे बघत होती. मी चपला घातल्या आणि घरी गेलो.

सोमवारी सकाळी वाचनालय उघडण्याच्या वेळेला मी खिशात टेप घेऊन गेलो. बाहेरच्या बाकावर दादा बसलेला होता. एकेचाळीस वर्षांत तो तिथे एकदाही आला नव्हता. मांडीवर काठी होती, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली.

“तू काल खाली बघितलं नाहीस,” तो म्हणाला.

“कधी?”

“चढताना. माझ्या शिड्यांवर तू पायाकडे बघत चढतोस. लहानपणी नव्हतास बघत. नंतर बघायला लागलास. मला वाटायचं तू भित्रा झालास.” तो काठी घेऊन उठला. “तात्यांची शिडी कुठे आहे?”

मी त्याला आत नेलं. हल्लीची ग्रंथपाल मुलगी खुर्ची द्यायला उठली, ती दादानं घेतली नाही. शिडी मागच्या खोलीत, इतिहासाच्या कपाटाला टेकून होती. दादानं आधी तिच्यावर हात ठेवला. मग खाली वाकून पायाशी असलेला शिक्का बघितला, अंगठ्यानं पुसला. मग काठी उलगडली आणि दोन पायऱ्यांमध्ये धरली.

वर अर्धा इंच मोकळा.

त्यानं सगळ्या पायऱ्या बघितल्या नाहीत. तीन बघितल्या आणि तिथेच जमिनीवर बसला. मीही त्याच्या शेजारी बसलो. माझ्या खिशातला टेप मी काढलाच नाही.

“ही त्यांनी या काठीनंच केलेली,” दादा म्हणाला.

“हो.”

“मग काठी कमी झाली.”  तो पुढे म्हणाला, “सुटीच्या पहिल्या दिवशी मी पोरांना लाकूड देत नाही. काठी देतो, पॉलिश पेपर देतो. घासा, तेल लावा, टोकांचा मळ काढा म्हणतो. तात्यांचा मान म्हणून. बावन्न उन्हाळे.” त्यानं काठीच्या टोकावर बोट फिरवलं. टोक आरशासारखं गुळगुळीत होतं. “मान ठेवता ठेवता संपवत आणली मी ती.”

मी म्हणालो की त्याच्या शिड्या कधी कुणाला पाडून गेल्या नाहीत. तो म्हणाला, ते खरं. पण अर्ध्या इंचानं त्यानं आपल्या भावाला भित्रा ठरवलं होतं, तेही खरं. हे तो कपाटाकडे बघत बोलला, आणि मी तिसऱ्या खणातली नावं वाचत राहिलो. आम्हा दोघांना समोरासमोर बोलण्याची सवय नाही.

थोड्या वेळानं त्याचे खांदे हलायला लागले. मी घाबरून बघितलं तर तो हसत होता.

“भोकं पाडताना पोरीला काठी मिळाली नाही,” तो म्हणाला. “सगळ्यांना मिळाली आणि हिला मिळाली नाही. मी तोंडानं म्हणायचो फूट, आणि करायचो साडेअकरा. तिनं माझं तोंडाचं धरलं. आणि हात बघ तिचा. बारा पायऱ्या, एक इकडची तिकडे नाही. त्या वयात मला जमलं नव्हतं. तात्यांची पायरी केली रे तिनं, तात्यांना न बघता.” त्यानं काठी पुन्हा गुंडाळली. “नवी काठी कापायची. तिच्या शिडीवरून. तिलाच कापायला सांगतो.”

“मग शिक्का आजच मार.”

दादा उठता उठता थांबला. गुडघ्यावर हात ठेवून त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून पाच पायऱ्या करून माळ्यावर पळालेलाच आहे.

“पत्राशिवाय शिक्का नाही. लोखंड तापवायला माझी ना नाही, पण पत्र आलं पाहिजे. आणि पुस्तक्या, सोपं लिही. पोरीला शब्दकोश काढावा लागेल असं लिहू नकोस.”

काय लिहिणार ते त्यानं विचारलं नाही. चढणाऱ्याचं पत्र आधी कुणी बघत नाही. जाताना त्यानं ग्रंथपाल मुलीला विचारलं की ही शिडी तिला नीट वाटते ना. ती म्हणाली, या शिडीवर तिला डोळे मिटून चढता येतं. दादानं मान डोलावली आणि दारातून जाताना सवयीनं वाकला, तिथे वाकायची गरज नसताना.

मी मागच्या खोलीतच बसून लिहिलं. या वेळी खर्डा केला नाही.

‘गिरकी, तुझ्या शिडीवर चढलो. बाराही पायऱ्या. पायाला पायरी शोधावी लागली नाही. असं मला आयुष्यात फक्त एका शिडीवर झालं आहे, आणि ती तुझ्या पणजोबांनी केलेली आहे. एकदा येऊन बघून जा. मला वाटत होतं की मला शिडी चढता येत नाही. ते तसं नव्हतं, हे मला त्र्याहत्तराव्या वर्षी तू सांगितलंस. शिक्का बसावा. उत्तराला पाच आठवडे लागले, त्याबद्दल काही सांगता येत नाही, पण वाट बघितलीस हे बरं केलंस. तुझा धाकटा आजोबा.’

पाकिटावर तिचं नाव लिहिलं, खाली पत्ता. दोन गल्ल्या सोडून असलेल्या घराचा पूर्ण पत्ता लिहिताना मला हसू आलं. पेटी चौकात, औषधांच्या दुकानासमोर. पाकीट आत अर्धं गेल्यावर मी क्षणभर धरून ठेवलं, एखादा शब्द चुकला असेल या भीतीनं. मग सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला, आणि मी घराकडे निघालो.